डोंगराआडच्या वाडीपर्यंत रिलेने इंटरनेट नेता येईल का?

प्रश्न (दापोली): टॉवरचा सिग्नल सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) उत्तम मिळतो, पण खाली माडांच्या बागेत येईपर्यंत नाहीसा होतो. सड्यावर रिले (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे यंत्र) बसवल्यास वेग किती उतरेल?

उत्तर (गुहागर): एकाच रेडिओने (बिनतारी सिग्नल घेणाऱ्या-देणाऱ्या उपकरणाने) एकाच चॅनेलवर घेणे-देणे केल्यास वेग जवळपास निम्मा होतो, म्हणून टॉवरकडे एक आणि वाडीकडे दुसरा, असे दोन रेडिओ वेगवेगळ्या चॅनेलवर लावावेत. रेडिओ ५ गिगाहर्ट्झचे असतील तर त्यांच्या लहरींना पावसात भिजलेल्या झावळ्या फार अडवतात. त्यामुळे मार्ग शेंड्यांवरूनच न्यावा.

उत्तर (मालवण): खाडी ओलांडणार असाल तर भरती-ओहोटीही पाहावी, कारण पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला पातळीनुसार कधी बळ देते, कधी क्षीण करते. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत; साधे खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खाडी मधे येत नाही. दोन रेडिओंचाच विचार करतो.