बॅलन्स ट्रान्सफर: हप्ता ५,५०१ चा ठरला, पहिलं बिल ७,०७९ चं कसं?

निपाणी_नाका

नमस्कार मंडळी. एका कार्डावरचे ६०,००० रुपये दुसऱ्या बँकेच्या कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर केले आहेत. फोनवर ठरलं ते असं: महिना दीड टक्का, रिड्यूसिंग (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), १२ हप्ते, हप्ता ५,५०१, प्रोसेसिंग फी २ टक्के. पहिल्या बिलातल्या ओळी अशा:

ईएमआय प्रिन्सिपल ४,६००.८०
ईएमआय इंटरेस्ट ९००.००
प्रोसेसिंग फी १,२००.००
आयजीएसटी ३७८.००
एकूण ७,०७८.८०

वर आणि जुन्या कार्डाचं ९७७.६२ चं बिल आलं. ते कार्ड शून्य झालं म्हणून धरलं होतं. त्याची स्टेटमेंट तारीख ५, नव्या बँकेचे पैसे तिथे जमा झाले १७ तारखेला. जुन्याचा दर महिना साडेतीन टक्के.

प्रश्न चार. एक, हे ३७८ नेमके कशावर? दोन, राहणं निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, पण कार्डाचा पत्ता कोल्हापूरचाच आहे, त्यामुळे आयजीएसटी लावून जादा कर घेतलाय काय? तीन, करारात 'इंटरेस्ट-फ्री पिरियड लागू होणार नाही' असं एक कलम आहे, त्याचा अर्थ काय? याच कार्डावर लग्नाची थोडी खरेदी करायची आहे. चार, मधेच सगळं फेडलं तर ३ टक्के फोरक्लोजर चार्ज लिहिलाय, तो धरून लवकर फेडणं परवडतं का?

शहापूर_खातेवही

बिल बरोबर आहे. फोनवर सांगितलेलं अर्धवट होतं.

प्रोसेसिंग फी १,२०० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ९००, मिळून २,१००. त्याचे १८ टक्के म्हणजे ३७८. बहुतेकांची गफलत इथेच होते. घरकर्जाच्या, गाडीच्या किंवा सोसायटीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, म्हणून कार्डाच्या व्याजावरही नसेल असं वाटतं. पण जीएसटीतली व्याजाची माफी क्रेडिट कार्डाच्या व्याजाला लागू नाही. त्यामुळे दीड टक्का ऐकला की मनात १.७७ टक्के लिहायचा.

दर महिन्याला मुद्दल घटते, तसं व्याज आणि त्यावरचा कर दोन्ही घटतात. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ५५,३९९.२०, व्याज ८३०.९९, जीएसटी १४९.५८, म्हणून बिल ५,६५०.३८ यायला हवं. शेवटचं साधारण ५,५१५ चं. हे आकडे जुळले नाहीत तर ओरडा, जुळले तर गप भरा. एकच अपवाद. काही बँका ट्रान्सफरच्या दिवसापासून पहिल्या स्टेटमेंटपर्यंतचं जादा दिवसांचं व्याज वेगळ्या ओळीत लावतात. तुमच्या बिलात ती ओळ नाही, म्हणजे तो विषय मिटला.

बारा महिन्यांचा खर्च मांडायचा तर व्याज ६,०१०, त्यावर जीएसटी १,०८२, फी आणि तिचा जीएसटी १,४१६. एकूण ८,५०८. वार्षिक दरात बसवलं तर जवळपास २६ टक्के पडतो. दीड टक्का गुणिले बारा म्हणून १८ मनात धरून बसलात तर चुकलात. तरीही जुन्या कार्डाचे साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, जीएसटीसह साडेएकोणपन्नास. तिथे ६०,००० तसेच पडून राहिले असते तर दर महिन्याला २,४७८ नुसते व्याजाचे गेले असते. ट्रान्सफर केलं ते चुकलं नाही.

आता ते ९७७.६२. जुन्या बँकेने ५ तारखेपर्यंतचं व्याज ५ तारखेच्या बिलात धरलं होतं. ५ ते १७ या १२ दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला चढणारच: ६०,००० × ४२% × १२ ÷ ३६५ = ८२८.४९, आणि जीएसटी १४९.१३. बरोबर ९७७.६२. हे ताबडतोब भरा. पाचशे-हजाराची बाकी विसरली की तिच्यावर लेट फी बसते आणि सिबिलला थकबाकी दिसते. ट्रान्सफर करताना याच कारणाने जुन्या बँकेला आजचा पेऑफ, म्हणजे आज खातं शून्य करायला लागणारी रक्कम, किती ते विचारायचं असतं. स्टेटमेंटवरचा आकडा तोवर शिळा झालेला असतो.

टिळकवाडी_कर

आयजीएसटीबद्दल तेवढं सांगतो. जादा कर नाही. बँकिंग सेवेत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे बँकेच्या नोंदीतला ग्राहकाचा पत्ता. तुमचा पत्ता महाराष्ट्रात आणि बँकेची बिल करणारी नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल तर १८ टक्के आयजीएसटी. दोन्ही एकाच राज्यात असतील तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. बेरीज तीच. कर कुठल्या राज्याच्या पदरात पडतो एवढाच फरक, आणि त्यावर आपल्याकडे निदान तुम्ही तरी वाद घालू नका.

पत्ता मात्र बदलून घ्या. नवं कार्ड आणि कागदी नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात, आणि ज्या पत्त्यावर कोणी राहत नाही तिथे गेलेली नोटीसही बँकेच्या हिशेबी पोचलेलीच असते.

खानापूर_रोड

तिसरा प्रश्न सगळ्यात महाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅलन्स ट्रान्सफर दोन तऱ्हांचं असतं. एकात रक्कम हप्त्यांत बांधलेली असते, तुमचं तसलं आहे. दुसऱ्यात ६० किंवा ९० दिवस बिनव्याजी किंवा कमी व्याजाने रक्कम तशीच कार्डावर ठेवतात. दुसऱ्या तऱ्हेत अख्खे ६०,००० स्टेटमेंटच्या 'टोटल अमाउंट ड्यू' मध्ये दिसतात. ते पूर्ण भरले नाहीत म्हणजे बाकी पुढे ढकलली, आणि बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत संपली. मग १०,००० ची साडी घेतली तरी घेतल्या दिवसापासून कार्डाचा मूळ दर, समजा ४२ टक्के. तीस दिवसांचे ३४५ व्याज, ६२ जीएसटी. ट्रान्सफरवर शून्य टक्के आणि साडीवर बेचाळीस, असा हा मासला.

हप्त्याच्या तऱ्हेत टोटल ड्यूमध्ये फक्त त्या महिन्याचा हप्ता, कर आणि खरेदी येते. ती टोटल, किमान रक्कम नव्हे, दर महिन्याला ड्यू डेटच्या आत पूर्ण भरली तर खरेदीची मुदत सहसा शाबूत राहते. 'सहसा' म्हणतोय, कारण काही करारांत बॅलन्स ट्रान्सफर चालू असेपर्यंत सवलत सरसकट बंद असं कलम असतं. तुमच्या कलमात 'जोपर्यंत' किंवा 'जर पूर्ण भरणा झाला नाही' अशी अट आहे का बघा. अट नसेल तर लग्नाची खरेदी दुसऱ्या कार्डावर नाहीतर रोखीने करा.

किमान रक्कम भरून वेळ मारून नेली तर? पूर्ण हप्ता आणि कर बहुतेक ठिकाणी किमान रकमेतच येतात, त्यामुळे हप्ता वाचतो, पण खरेदीची बाकी ४२ टक्क्यांवर जाते. आणि हप्ताच चुकला तर त्या महिन्याच्या न भरलेल्या भागाला दीड टक्का उरत नाही, कार्डाचा मूळ दर लागतो.

लिमिटही बघा. ६०,००० तितक्यापुरते गोठतात आणि मुद्दल फिटेल तसे, म्हणजे पहिल्या महिन्याला ४,६०० एवढेच मोकळे होतात.

संकेश्वर_तिखट

मधेच विचारतो. मला ०.९९ टक्के महिना म्हणून फोन येतोय. दीड टक्क्यापेक्षा स्वस्तच की ते?

शहापूर_खातेवही

'फ्लॅट' आहे का ते विचारा. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. ६०,००० वर ०.९९ फ्लॅट, १२ महिने: व्याज ७,१२८, हप्ता ५,५९४. रिड्यूसिंगच्या भाषेत तो महिना १.७७ टक्के, वर्षाला २१ च्या वर, आणि जीएसटी त्याच्यावर वेगळा. निपाणीवाल्यांचा दीड टक्का त्यापेक्षा स्वस्त. फोनवर टक्के ऐकायचेच नाहीत ओ. हप्ता किती, किती महिने, फी किती, एवढं विचारायचं आणि बेरीज आपण करायची. 'हप्त्यात जीएसटी धरलाय का' हा प्रश्न विसरू नका. ९ पैकी ८ वेळा धरलेला नसतो. आकडा अंदाजाचा आहे, पण घोळ खरा आहे.

चौथा प्रश्न राहिला होता. ३ टक्के उरलेल्या मुद्दलावर, अधिक जीएसटी. सहा हप्त्यांनंतर मुद्दल उरते ३१,३३९. चार्ज ९४०, कर १६९, मिळून १,१०९. वाचणारं व्याज कर धरून १,९६६. निव्वळ फायदा ८५६-५७ रुपये. नऊ हप्त्यांनंतर मुद्दल १६,०१९, चार्ज कर धरून ५६७, वाचणारं व्याज ५७०. म्हणजे तीन रुपयांसाठी फोन, ईमेल आणि डोकेदुखी. लवकर फेडायचं असेल तर पहिल्या पाच-सहा महिन्यांत, नाहीतर चालू द्या. उसाचं बिल जमा झालं म्हणून दहाव्या हप्त्याला मोठा भरणा करू नका. जादा भरलेली रक्कम आपोआप मुद्दलात जात नाही, कार्डावर क्रेडिट म्हणून पडून राहते. मुद्दलात घ्यायची असेल तर फोरक्लोजर म्हणून लेखी मागावं लागतं.

वडगाव_माग

साधी गोष्ट कोणीच बोललं नाही. घरात सोनं असेल किंवा सोसायटीत पिग्मी चालू असेल तर त्यावरच्या कर्जाचा दर विचारून बघा. व्याजावर जीएसटी नाही, एवढ्यानेच बराच फरक पडतो. तारण गुंतवण्याची तयारी हवी, हे आहेच.

आणि बाजारात दोन-अडीच टक्के घेऊन कार्ड मशीनवर घासून रोख देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटी खरेदी दाखवणं हा कार्डाच्या कराराचा भंग आहे, बँक कार्ड बंद करू शकते. अडीच टक्के एका महिन्याचे असतात, हेही लोक विसरतात. दर महिन्याला फिरवलं की वर्षाचे तीस.

टिळकवाडी_कर

तक्रारीची वेळ आलीच तर: रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांच्या निर्देशांत कामाच्या चार गोष्टी आहेत. हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवायचं, व्याज असलेला हप्ता 'नो-कॉस्ट' म्हणून विकायचा नाही. न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात घालून त्यावर व्याज लावायचं नाही. लेट फी ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच, आणि तीही फक्त बाकी रकमेवर. दर किंवा चार्ज बदलायचा तर किमान एक महिना आधी कळवायचं.

विमा किंवा 'कार्ड प्रोटेक्शन' ची ओळ बिलात दिसली आणि स्पष्ट संमती दिली नसेल, तर ती काढायला सांगा. बॅलन्स ट्रान्सफरच्या फोनवरच 'हो हो' म्हणताना ती चिकटते.

बँकेला लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. २०२१ च्या एकात्मिक योजनेपासून कार्ड कुठल्या राज्यातलं आणि आपण कुठल्या राज्यातले हा प्रश्न उरला नाही. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राकडे कागदावर लिहिलेली तक्रार कुठल्याही भाषेत चालते. मराठीत लिहा की, कोणी अडवणार नाही.

निपाणी_नाका

सगळ्यांचे आभार. करार परत वाचला. कलमात 'मागील स्टेटमेंटची पूर्ण रक्कम न भरल्यास' अशी अट आहे. जुन्या कार्डाचे ९७७.६२ आत्ताच भरले.

खानापूर_रोड

मग टोटल ड्यूला ऑटो-डेबिट लावा. ॲपमध्ये 'मिनिमम' आणि 'टोटल' असे दोन पर्याय येतात, आणि बऱ्याचदा आधीपासून टिक मिनिममवर असते.