द्राक्षाचा रीफर थेट धक्क्यावर का नेता येत नाही?

द्राक्षकरी_दिंडोरी
राम राम मंडळी. आमच्या गटाचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला निघतोय. जहाज शनिवारी रात्री लागणार, पण फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था बघणारा एजंट) म्हणतो गाडी शुक्रवारी सकाळीच आत हवी. तोवर माल इथल्या कोल्ड स्टोरेजमध्येच राहिला तर बरं नाही का? जहाज लागल्यावर गाडी थेट धक्क्यावर नेली तर काय बिघडतं? आणि धक्का, गोदी, जेट्टी हे सगळं एकच का?

गोदाकाठ
दादा, धक्क्यावर तुमचा डबा, म्हणजे कंटेनर, जेमतेम काही मिनिटं असतो. बाकी सगळा मुक्काम मागच्या यार्डात.

तिथल्या एका टर्मिनलचा धक्का ७१२ मीटर आहे. साडेतीनशे मीटरची दोन जहाजं लागली की भरला. प्रत्येक जहाजाला तास बांधून दिलेले, त्यात शेकडो डबे उतरवायचे आणि चढवायचे. म्हणून कुठला डबा कुठल्या खणात बसणार हे जहाज यायच्या आधीच ठरतं. जड खाली, हलके वर. शेवटच्या बंदराचे तळाशी, आधी उतरायचे वरती. रीफर मात्र जहाजावर जिथे विजेचा प्लग आहे तिथेच. या आराखड्यासाठी व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन लागतं. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही.

जहाज लागलं की यार्डातून ट्रेलर डबा क्रेनखाली आणतो. क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे डबा पकडणारी चौकट, डब्याच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांवर बसतो, ट्विस्टलॉक (त्या भोकांत अडकणाऱ्या खुंट्या) नव्वद अंशांत फिरतात आणि डबा उचलला जातो. दोन-तीन मिनिटांचं काम. त्या रांगेत बाहेरची गाडी कागद दाखवत उभी राहिली तर क्रेन थांबते आणि मागचं सगळं तुंबतं.

गेट कधी उघडणार, कधी बंद होणार हे जहाजागणिक बदलतं, आदल्या दिवशी पुन्हा विचारा. फॉर्म १३ (बंदराच्या गेटचा प्रवेश कागद), शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यात कागद), कंटेनर नंबर आणि सील नंबर गाडी निघायच्या आधी डब्याच्या दारापाशी उभं राहून जुळवा. एक आकडा चुकला की गाडी गेटबाहेर, आणि कट-ऑफ, म्हणजे डबा आत घ्यायची शेवटची वेळ, हुकला की डबा पुढच्या जहाजावर.

शीतसाखळी
यार्डात रीफरला ४४० व्होल्टचा थ्री-फेज प्लग मिळतो, त्यामुळे शुक्रवारपासून माल आत असण्याची धास्ती नको. धोका रस्त्यात. कसारा घाट, पुढे शिळफाटा, कळंबोली. गाडी अडकली आणि जेनसेटचं (रस्त्यात रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचं) डिझेल संपलं तर आत कुणाला पत्ताही लागत नाही.

रीफर फळ थंड करत नाही, थंड फळ थंड ठेवतो. प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी फळ थंड करताना, मण्याच्या गाभ्याचं तापमान शून्याच्या आसपास आल्याशिवाय भरूच नका. भरताना युनिट बंद ठेवा. चालू ठेवलं तर उघड्या दारातून दमट हवा ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो. पेट्या आतल्या लाल रेषेच्या वर नकोत, वरून हवा फिरायला जागा लागते. सेटपॉइंट (युनिटवर लावलेलं तापमान) उणे ०.५ असेल तर उणे चिन्ह डिस्प्लेवर डोळ्यांनी बघा. कागदावर बरोबर आणि युनिटवर अधिक ०.५, ही चूक तिकडे पोहोचल्यावर देठ वाळलेले दिसतात तेव्हा कळते. व्हेंट, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या खिडक्या, द्राक्षाला बहुतेक बंद, कांद्याला उघडे. आधीच्या फेरीत कांदा गेला असेल तर ते तसेच राहून गेलेले असतात, आणि वासही.

बंदरवाट
शब्दांचं सांगतो. जिथे जहाज काठाला समांतर लागतं तो धक्का. काठापासून पाण्यात पुढे जाते ती जेट्टी. बांधीव कुंडासारखी असते ती गोदी. मुंबईच्या इंदिरा गोदीला दरवाजे आहेत, कारण तिथे मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. दरवाज्यांमुळे आतली पातळी टिकते. न्हावा शेव्याला दरवाजे नाहीत. तिथे जहाज पाण्याबरोबर चढतं-उतरतं, म्हणून दोर सतत आवळावे-सोडावे लागतात. दुर्लक्ष झालं तर दोर तुटतो, आणि तुटलेल्या दोराचा फटका जीवघेणा असतो.

पूर्वी धक्का शहराच्या पोटातच होता. ससून डॉक १८७५चा, प्रिन्सेस १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा. गोण्या पाठीवर, म्हणून वखारी, हमाल, खानावळी सगळं चालत्या अंतरावर. मस्जिद बंदर, कर्नाक बंदर ही नावं त्यातलीच. कंटेनर आल्यावर पाठीमागे मोकळं मैदान आणि सरळ रस्ता लागला, तो मुंबईत मिळेना. १९८९ला खाडीपलीकडे जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेव्याचं बंदर, सुरू झालं आणि नाशिकचा माल तिकडे वळला. शहराच्या हाताशी उरले ते ससून डॉक आणि भाऊचा धक्का. पहाटेचा मासळीचा लिलाव, बर्फाच्या लाद्या, मोरा-रेवसच्या लाँची तिथे अजून आहेत.

द्राक्षकरी_दिंडोरी
डोक्यात प्रकाश पडला. प्लग लावला की नाही हे कळणार कसं?

शीतसाखळी
गाडी गेटातून आत गेल्यावर फॉरवर्डरकडून यार्डातल्या रीफर मॉनिटरिंगचं रीडिंग मागवा: सेटपॉइंट, सप्लाय हवा (युनिटमधून मालाकडे जाणारी), रिटर्न हवा (मालावरून परत येणारी). रिटर्न सप्लायपेक्षा बराच वर दिसत असेल तर रात्र जाऊ देऊ नका, लगेच फोन करा. एकदा डबा जहाजावर चढला की तुमच्या हातात काही राहत नाही.