सारंगी ऐकत ॲबस्ट्रॅक्ट करायला घेतलं आणि सगळा चिखल झाला

निळीशाई
नमस्कार मंडळी. लँडस्केप बरीच वर्षं करतेय, ॲबस्ट्रॅक्ट पहिल्यांदाच. माझ्याकडे सारंगीवरच्या एका आलापाचं वीसेक मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, ते ऐकलं की दरवेळी आत काहीतरी हलतं, म्हणून म्हटलं यावरच चित्र करूया. दीड बाय दोन फुटांचा कॅनव्हास, ॲक्रिलिक, हेडफोन, सगळी तयारी. आधीच ठरवून ठेवलेलं की सा लाल, रे केशरी, ग पिवळा असं करत नी जांभळा, आणि जो सूर कानावर पडेल त्या रंगाचा फटकारा मारायचा. पहिली पाच मिनिटं स्वर्ग! मग सारंगी मींड घेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, कुठल्या कुठे जायला लागली, मी सूर ओळखेपर्यंत पुढचा आलेला असायचा, मी आपली मागून धावतेय. शेवटी समोर नुसता मातकट राडा. नवरा म्हणाला, छान आहे, शेत आहे का?
तर सुराला रंग हे गणितच चुकीचं आहे का? की माझाच हात कमी पडतोय?

तिहाई
शेत 😂
गणित चुकीचं असं नाही म्हणणार, पण ते तुमचं स्वतःचं असायला हवं. तुम्ही घेतलेत ते इंद्रधनुष्याचे रंग ओळीने. ही आयडिया जुनी आहे, न्यूटनने स्पेक्ट्रमचे सात भाग पाडले तेही सात स्वरांशी मेळ घालूनच. पण ज्यांना सूर ऐकून खरंच रंग सुचायचे त्यांचं तरी कुठे एकमत होतं? स्क्रिआबिनच्या लेखी सी मेजर हा पाश्चात्त्य स्वरमेळ लाल, आणि रिम्स्की-कोर्साकोव्हच्या लेखी तोच पांढरा. दोघंही रशियन, दोघंही मोठे संगीतकार. त्यामुळे कोष्टक शोधत बसू नका.
आणि मींडेचं म्हणाल तर तिथे कोष्टक फसणारच होतं. सा वरून ग वर घसरत जाताना मधे खाचा नसतात हो, पेटीसारखं नाही ते. वेगवेगळे फटकारे मारून मींड कशी येणार? ब्रश न उचलता एका रंगातून दुसऱ्यात ओढत न्या, एकच लांब ओढ.

सुकू_द्या_जरा
तुमचा प्रॉब्लेम संगीताचा कमी आणि ओल्या रंगाचा जास्त वाटतोय मला. सातही रंग ओले असताना एकमेकांवर गेले की राखाडी-तपकिरीच होणार, लाल-हिरवा, निळा-केशरी, पिवळा-जांभळा या जोड्या तर एकमेकांना खाऊनच टाकतात. तीन रंग घ्या फार तर, आणि पांढरा. एक थर द्या, पूर्ण सुकू द्या, मग दुसरा, ॲक्रिलिकला किती वेळ लागतो असा. खालचं दिसायला हवं असेल तर रंगात ग्लेझिंग मीडियम घालून पातळ थर द्या, नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर पकड जाते. आणि वर तिहाई म्हणतायत तशी लांब ओढ हवी असेल तर उलटं, रिटार्डर घाला थोडा, नाहीतर रंग अर्ध्या वाटेतच सुकतो.

खरडवही
माझं मत जरा वेगळं आहे. रंगवताना संगीत बंदच ठेवा.
मीही आधी तुमच्यासारखंच करायचे, आणि होतं काय की आपण हात नाचवतो आणि त्याला चित्र समजतो. गाणं वीस मिनिटं एकामागून एक उलगडतं, चित्र मात्र समोर एकदम येतं, म्हणजे पहिल्या मिनिटाचं आणि विसाव्या मिनिटाचं सगळं एकाच वेळी ओरडत बसतं. आता मी चार-पाच वेळा ऐकते, हातात फक्त पेन्सिल आणि रद्दी कागद. पहिल्यांदा फक्त रेघ, सूर कुठे चढला कुठे बसला. दुसऱ्यांदा फक्त थांबे. शांतता किती लांब होती ते बघायचं, तितकी जागा कोरी सोडायची (हे सगळ्यात अवघड, हात शिवशिवतो). मग बंद करून स्वतःला विचारायचं की यातलं एकच काय ठेवायचं? बाकी सोडून द्यायचं, अगदी आवडलेलंसुद्धा.
चित्रकार कँडिन्स्कीने जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि नंतर त्यावर चित्र केलं. त्यात काय आहे, पियानोचा मोठा काळा आकार, श्रोत्यांच्या नुसत्या खुणा, आणि पिवळा, प्रचंड पिवळा. एवढंच. सूर मोजत बसला असता तर त्याचंही शेत झालं असतं.

तिहाई
@खरडवही, पटलं, पण संगीत बंद हे सगळ्यांना नाही जमत. मी तालावर काम करतो, ठेका चालू नसेल तर माझे आकार मेल्यासारखे येतात. आलापात ताल नाही म्हणून तुमचा सल्ला इथे बसतो एवढंच.

खरडवही
@तिहाई, मान्य. ठेक्याचं मला फार कळतही नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार! रविवारी पेन्सिल घेऊन बसले. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की मला जे हलवतं ते सारंगीत नाहीच मुळी, मागे तानपुरा आहे ना, सारंगी थांबते तेव्हा तो एकटाच उरतो, तिथे आहे ते. म्हणजे मी आधी नेमकं तेच सोडून बाकी सगळं रंगवत होते 🤦
तोच कॅनव्हास जेसो मारून पांढरा केला. आता सगळीकडे करडा-निळा, पाच पातळ थर झालेत, आणि त्यावर गेरूची एकच ओढ डावीकडून, जी मध्याच्या थोडं पुढे जाऊन संपते. उजवा भाग रिकामा आहे आणि मला तिथे काहीतरी करावंसं फार वाटतंय.

सुकू_द्या_जरा
ब्रश धुऊन ठेवा. दोन दिवस त्या खोलीत जाऊ नका.

निळीशाई
ठेवले. नवरा विचारतोय, शेत कुठे गेलं?