२३ एप्रिल १६१६: शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस खरंच एकाच दिवशी गेले का?

दिनविशेष_३६६
दिनविशेषाच्या याद्यांमध्ये २३ एप्रिल १६१६ पुढे शेक्सपिअर आणि 'डॉन किहोटे'चा स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस या दोघांचंही निधन असतं. पण इंग्लंडचं कॅलेंडर तेव्हा वेगळं होतं, असंही वाचलंय. मग नोंद कशी करायची? जुन्या तारखांत सरसकट दहा दिवस मिळवले की झालं?

जुनी_तारीख
एकाच दिवशी गेले नाहीत. स्पेनने ग्रेगोरियन कॅलेंडर, म्हणजे आपण आज वापरतो ते, १५८२ मध्येच घेतलं. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी तिथे १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड १७५२ पर्यंत त्याआधीच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरवरच होतं. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. त्यातून सर्व्हांटिस वारला २२ एप्रिलला, २३ ही दफनाची नोंद. दोघांत ११ दिवसांचं अंतर पडतं.

सरसकट दहा मिळवू नका. फरक १५८२ ते फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, पुढे फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, फेब्रुवारी १९०० पर्यंत १२ आणि त्यानंतर १३. कारण १७००, १८००, १९०० ही वर्षं ज्युलियनमध्ये लीप आहेत, ग्रेगोरियनमध्ये नाहीत. रशियातली 'ऑक्टोबर' क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची. १३ मिळवले की ७ नोव्हेंबर.

आधी देश बघा, मग शतक. स्वीडनने तर कहरच केला. १७०० चा लीप दिवस गाळून ते ज्युलियनच्या एक दिवस पुढे गेले, मग १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी घालून परत मागे आले. म्हणून पोल्टाव्हाच्या १७०९ च्या एकाच लढाईला तीन तारखा: रशियन २७ जून, स्वीडिश २८ जून, ग्रेगोरियन ८ जुलै.

वार_बघा
रूपांतर बरोबर झालं का हे वारावरून कळतं. कॅलेंडर बदललं तरी वार तुटत नाही. ग्रेगोरियन चक्र ४०० वर्षांचं, म्हणजे १,४६,०९७ दिवसांचं, आणि या आकड्याला ७ ने पूर्ण भाग जातो. म्हणून ग्रेगोरियन तारखेच्या वर्षात ४०० मिळवा आणि फोनच्या कॅलेंडरवर वार बघा. ३ मे १६१६ साठी ३ मे २०१६ : मंगळवार. २३ एप्रिल २०१६ मात्र शनिवार. दोन वेगळे दिवस आहेत हे तिथेच दिसतं.

एक सापळा. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियन १६ जून. १६ जून २०७४ ला शनिवार येतो. पण जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या तारीखवार नोंदीत, शुक्रवार आहे! चूक कुठेच नाही. 'तीन घटका रात्र उरली' असतानाची ती नोंद आहे, आणि पंचांगाचा वार मध्यरात्री नाही, सूर्योदयाला बदलतो. तेव्हा वार एकाने चुकला तर आधी घटनेची वेळ तपासा. बाकी याद्यांमध्ये हीच तारीख ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीतल्या दोस्त सैन्याच्या चढाईशेजारी बिनदिक्कत छापलेली असते.

रकाना_दुसरा
ती छापायलाही हरकत नाही, असं माझं मत. दिनविशेषात रूढ तारीखच ठेवावी, नाहीतर वाचकाला ती सापडणारच नाही. 'एकाच दिवशी' हा दावा करायचा असेल तरच रूपांतर करा. न्यूटनचा जन्म घ्या: इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२, ग्रेगोरियनने ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, पण ती इटलीतली, म्हणजे ग्रेगोरियन तारीख. एकाच मापाने मोजलं की 'एक गेला त्याच वर्षी दुसरा जन्मला' ही गोष्ट उरत नाही.

इंग्लंडच्या १७५२ पूर्वीच्या जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांत सालही बघा. तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्या वेळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८, आपल्या हिशेबाने १६४९.

दिनविशेष_३६६
म्हणजे विसाव्या शतकात तरी डोकेदुखी नाही?

जुनी_तारीख
आहे, फक्त घड्याळाची. मलायातल्या कोटा भारूवर जपानी सैन्य पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी उतरू लागलं, तरी तिथली तारीख ८ डिसेंबर १९४१ आणि हवाईतली ७. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडी आणि लेखक सी. एस. लुईस व आल्डस हक्सली गेले हे स्थानिक तारखांनी बरोबर आहे; पण लॉस एंजेलिसमध्ये हक्सली संध्याकाळी गेला तेव्हा लंडनमध्ये २३ तारीख लागली होती.

रकाना_दुसरा
यादी एक्सेलमध्ये करत असाल तर १९०० पूर्वीच्या तारखा तो तारीख म्हणून घेतच नाही, मजकूर समजतो. शिवाय १९०० ला लीप वर्ष मानतो, त्यामुळे त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीतले वार चुकतात. दिवस, महिना, साल वेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि 'मूळ कॅलेंडर' हा रकाना रिकामा सोडू नका. तो नसला की आधीच बदललेल्या तारखेत कुणीतरी पुन्हा दहा मिळवतं.