मदत हवी आहे : एफईएमचा कोड बरोबर, उत्तर मात्र २ मिमीऐवजी १.८२ वर अडकतंय

धागाकर्ता : अर्धवट_इंजिनीअर

नमस्कार मंडळी. स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगमध्ये एमटेकच्या पहिल्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला फायनाइट एलिमेंट मेथड (एफईएम, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे, एलिमेंट, पाडून गणित सोडवायची पद्धत) आहे आणि टर्म वर्कसाठी सरांनी तयार सॉफ्टवेअर वापरायला बंदी केलीय. स्वतः पायथॉनमध्ये कोड लिहा, चार नोडचा (कोपऱ्यांवरच्या बिंदूंचा) चौकोनी एलिमेंट घ्या, कँटिलिव्हर (एका टोकाला घट्ट धरलेली तुळई) सोडवा. इथवर ठीक.

माझा कँटिलिव्हर असा : लांबी १००० मिमी, उंची १०० मिमी, जाडी १० मिमी. ई (साहित्याचा ताठपणा) = २ लाख न्यूटन प्रति चौ. मिमी, पॉयसन रेशो (न्यू, ताणल्यावर आडवं किती आक्रसतं ते) ०.३, प्लेन स्ट्रेस (जाडीच्या दिशेने मोकळं). टोकाला १००० न्यूटन, दोन नोडवर निम्मा-निम्मा. टोकाच्या झुकण्याचं पुस्तकी सूत्र, पीएल घन भागिले तीन ईआय (पी भार, एल लांबी, आय छेदाचा इनर्शिया), केलं की बरोबर २.०० मिमी येतं. (शिअरचे, म्हणजे थर एकमेकांवर घसरण्याचे, ०.०१५ वगैरे वर धरा.) माझा कोड काय सांगतो बघा. उंचीत सगळीकडे एकच एलिमेंट ठेवलाय, फक्त लांबीत संख्या वाढवत नेली :

५ एलिमेंट : ०.७६ मिमी
१० एलिमेंट : १.३६
२० एलिमेंट : १.६८
८० एलिमेंट : १.८२

त्यापुढे कितीही वाढवा, १.८३ च्या वर जायचं नाव नाही. इंटिग्रेशन २ गुणिले २ गॉस पॉइंट (एलिमेंटच्या आत जिथे किंमत मोजून बेरीज करतात ते बिंदू). असेंब्ली (एलिमेंटांचे मॅट्रिक्स एकत्र जोडणं) हाताने दोन एलिमेंटसाठी करून ताडून पाहिली, जुळते.

डोकं फिरवणारी गोष्ट अशी की त्याच आठवड्यात थिअरीच्या तासाला लॅक्स-मिलग्रॅम आणि सेआचा लेमा ही प्रमेयं झाली. एच (एलिमेंटचं माप) शून्याकडे गेलं की उत्तर खऱ्या उत्तराकडे जातं, सिद्धता फळ्यावर. मग माझं उत्तर शून्याकडे न जाता, सॉरी, दोनाकडे न जाता १.८२ कडे का जातंय? प्रमेय खोटं की कोड खोटा? आणि उत्तर नेहमी कमीच का येतं, कधी जास्त का नाही?

दुसरा प्रश्न, जमल्यास : हे सोबोलेव्ह स्पेस (त्या सिद्धतांमागचं फंक्शनांचं गणित) वगैरे प्रकरण आमच्यासारख्या सिव्हिलवाल्याला कितपत लागतं? पुढे पीएचडीचा विचार आहे.

------

शेवग्याची_शेंग : १.८२ म्हणजे २ चे ९१ टक्के. १ वजा ०.३ चा वर्ग = ०.९१. डी मॅट्रिक्स (स्ट्रेन, म्हणजे सापेक्ष ताणलं जाणं, आणि स्ट्रेस यांना जोडणारा) तपास. प्लेन स्ट्रेसच्या जागी प्लेन स्ट्रेन (जाडीच्या दिशेने अडवलेलं) टाकून बसला आहेस, पैज लाव. आमच्या बॅचमध्ये निम्म्या पोरांनी हेच केलं होतं.

------

अर्धवट_इंजिनीअर : तपासला, दोनदा. प्लेन स्ट्रेसचाच आहे. पण आकडा इतका तंतोतंत जुळतोय की मलाही आता शंका यायला लागली.

------

जुना_खांब : शंका मिटवायची एक सोपी युक्ती आहे. तुळई वाकवू नका, ओढा. डावीकडे दोन्ही नोड आडवे अडवा, उभा मात्र एकच, आणि उजवीकडे १००० न्यूटन आडवा ताण द्या. पीएल भागिले एई म्हणजे ०.००५ मिमी यायला हवं, तेही एकाच एलिमेंटमध्ये, अगदी बिनचूक. प्लेन स्ट्रेन घुसलं असेल तर ०.००४५५ येईल.

लगे हाथ आणखी एक करा. एकट्या एलिमेंटच्या ८ गुणिले ८ स्टिफनेस मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढा. शून्य म्हणजे त्या हालचालीला विरोधच नाही; तशा तीन शून्य यायला हव्यात, ना एक कमी ना एक जास्त. दोन सरकण्याच्या, एक फिरण्याची. मी नोकरीत नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. रंगीत चित्रं नंतर.

------

अर्धवट_इंजिनीअर : काका, ०.००५०० आलं! आयगेनव्हॅल्यू तीन शून्य, पाच धन. म्हणजे डी बरोबर आहे ना? मग ९१ टक्के आले कुठून?

------

गणिती_घुबड : आले उंचीतल्या एकाच थरातून. कोड बरोबर आहे, प्रमेयही बरोबर आहे. नीट सांगते, कारण यात दोन वेगवेगळे आजार एकमेकांत मिसळलेत.

पहिला आजार ५ आणि १० एलिमेंटला दिसतो. चार नोडच्या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात. खरी तुळई वाकते तेव्हा वरची-खालची कड कमानीसारखी होते, याला ते जमत नाही. मग वाकताना तो समलंब होतो आणि आत नसलेला शिअर तयार होतो. ती ऊर्जा फुकट खर्च होते, तुळई खोटी ताठ होते. हेच शिअर लॉकिंग. नुसत्या बेंडिंगसाठी एलिमेंट किती पट ताठ होतो याचं सूत्र हाताने काढता येतं : १/(१+न्यू) गुणिले [१/(१−न्यू) + अर्धा गुणिले (लांबी/उंची) चा वर्ग]. तुझ्या ५ एलिमेंटला लांबी/उंची २ आहे, म्हणजे २.६४ पट. २ भागिले २.६४ कर, ०.७६ येतं. १० ला १.४८ पट, म्हणजे १.३५. तुझेच आकडे आहेत ना?

आता त्याच सूत्रात लांबी/उंची शून्य कर. कंसातला शिअरचा तुकडा गेला, उरलं १/(१−न्यू वर्ग) = १.०९९. शिअर लॉकिंग मेलं तरी दहा टक्के ताठपणा शिल्लक. हा दुसरा आजार. वाकताना तुळईचा वरचा भाग ताणला जातो तर पॉयसनमुळे उंचीत आक्रसतो, खालचा दाबला जातो तर फुगतो. म्हणजे उभा स्ट्रेन वरपासून खालपर्यंत बदलायला हवा. तुझ्या एका थरात तो कोणत्याही उभ्या रेषेवर एकच असतो, बदलूच शकत नाही. आक्रसणं-फुगणं अडवलं की काय होतं? प्लेन स्ट्रेनमध्ये जाडीच्या दिशेने जे होतं तेच इथे उंचीच्या दिशेने झालं. म्हणून तोच ०.९१. शेवग्याची_शेंग यांचा अंदाज चुकला, पण नाक बरोबर दिशेला होतं.

खात्री करायची तर न्यू = ० टाकून ८० एलिमेंट चालव.

------

अर्धवट_इंजिनीअर : १.९९. बाप रे.

पण मग प्रमेय?

------

गणिती_घुबड : प्रमेयातला एच म्हणजे काय ते वहीत बघ. एलिमेंटचं सर्वांत मोठं माप, व्यास म्हण. लांबीत तू ८० काय ८०० कर, उंची १०० मिमीच आहे. तुझं एच शंभराच्या खाली कधी गेलंच नाही! प्रमेयाने जे वचन दिलंय त्याची अटच तू पाळलेली नाहीस. ८० गुणिले ४ करून बघ, १.९८ च्या घरात जाशील.

नेहमी कमी का, तेही इथेच. पोटेन्शियल एनर्जी किमान करताना तू सगळ्या शक्य आकारांतून न शोधता मोजक्या आकारांतून शोधतोस. त्यामुळे किमान खऱ्या किमानाच्या खाली जात नाही, आणि भाराखालचं डिफ्लेक्शन कमी भरतं. (एलिमेंट एकमेकांना नीट चिकटलेले, इंटिग्रेशन पूर्ण, टेकू न हलणारे, एवढ्या अटी धरून.) एनर्जीच्या मापाने गॅलरकिनचं (म्हणजे एफईएमचं) उत्तर हे तुझ्या मेशमधलं (एलिमेंटांच्या जाळ्यातलं) सर्वोत्तम उत्तर असतं. ०.७६ सुद्धा सर्वोत्तमच होतं, त्या पाच एलिमेंटांची ऐपत तेवढीच. सेआचा लेमा १९६४ चा आहे आणि तो इतकंच सांगतो : चूक ही "तुझ्या स्पेसमधल्या (मेशला जमणाऱ्या आकारांमधल्या) सर्वोत्तम" चुकीच्या ठरावीक पटीत राहील. स्पेसच दरिद्री असेल तर लेमा काही करू शकत नाही.

तेव्हा सोबोलेव्ह स्पेस लागतं का, याचं उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे. पीएचडी करणार असशील तर फंक्शनल अॅनालिसिसचा एक कोर्स गणित विभागात जाऊन कर. क्रेडिट मिळो न मिळो.

------

जुना_खांब : घुबडताईंशी सहमत, एक पुरवणी जोडतो. हा विषय दोन घरांतून आलाय. कूरांटने १९४३ मध्ये त्रिकोण पाडून व्हेरिएशनल पद्धत मांडली, ती गणिताच्या अंगाने. टर्नर, क्लफ, मार्टिन, टॉप यांचा १९५६ चा पेपर विमानाच्या सांगाड्यातून आला. फायनाइट एलिमेंट हे नाव क्लफने १९६० मध्ये वापरलं. तुमच्या सरांच्या तासात आणि लॅबमध्ये दोन वेगळे विषय शिकवल्यासारखं वाटतं ते त्यामुळे, बिचाऱ्या सरांचा दोष नाही.

कामाच्या दृष्टीने मात्र थर वाढवत बसणं महागाचं. एलिमेंट सुधारा.

------

शेवग्याची_शेंग : एकाच गॉस पॉइंटने इंटिग्रेट कर की, शिअर लॉकिंग गायब. काम तमाम.

------

जुना_खांब : एका थरात? कामच तमाम होईल. मध्यबिंदूवर वाकण्याचा स्ट्रेन शून्य असतो, त्यामुळे एलिमेंटला वाकणं दिसतच नाही. आठपैकी पाच आयगेनव्हॅल्यू शून्य होतील आणि तुळई पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळेल. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये एका पॉइंटचा एलिमेंट असतो, पण त्याला अवरग्लास कंट्रोल (त्या फुकटच्या हालचाली रोखणारा जादा ताठपणा) जोडलेला असतो.

------

अर्धवट_इंजिनीअर : करून पाहिलं, सॉल्व्हरने "सिंग्युलर मॅट्रिक्स" म्हणून तोंडावर दार आपटलं. 😅

मग शिअरपुरता एक पॉइंट आणि बाकी २ गुणिले २ असं केलं. १० एलिमेंटला १.८३! म्हणजे पहिला आजार गेला, दुसरा तसाच. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत. दुसऱ्यासाठी काय करू?

------

गणिती_घुबड : विल्सन आणि मंडळींचे इनकम्पॅटिबल मोड, १९७३. एलिमेंटच्या आत दोन जादा आकार टाक : १ वजा क्सायचा वर्ग, १ वजा ईटाचा वर्ग (क्साय, ईटा म्हणजे एलिमेंटच्या आतले दोन अक्ष). दोन्ही दिशांना, म्हणजे चार जादा अज्ञातं. एकाने कड वाकते, दुसऱ्याने उंचीतलं आक्रसणं-फुगणं मोकळं होतं. ही चार अज्ञातं एलिमेंटच्या पातळीवरच स्टॅटिक कंडेन्सेशनने काढून टाक, बाहेर पुन्हा ८ गुणिले ८ च राहतं. असेंब्लीला हात लावायचा नाही.

------

अर्धवट_इंजिनीअर : एका थरात १० एलिमेंट, २.०१!! सबमिशनच्या रिपोर्टात चारही तक्ते लावतो. ताई, काका, शेंग, सगळ्यांचे आभार.

फक्त आता हौसेने मेश तिरका केला (मधले नोड थोडे सरकवले) आणि साधी ओढण्याची टेस्ट परत लावली तर स्ट्रेस सगळीकडे सारखा येत नाहीये. आयताकृती मेशला येत होता.

------

गणिती_घुबड : पॅच टेस्ट (सारख्या ताणाला सगळीकडे सारखा स्ट्रेस येतो का, ही चाचणी) नापास. १९७३ च्या मूळ रूपाचा हा ठाऊक असलेला दोष आहे, समांतरभुज आकार सोडला की बिघडतो. टेलर, बेरेसफर्ड, विल्सन यांनी १९७६ मध्ये दुरुस्त केला. जादा आकारांचे डेरिव्हेटिव्ह काढताना जाकोबियन (एलिमेंटच्या आतल्या अक्षांना खऱ्या मापांशी जोडणारा मॅट्रिक्स) प्रत्येक गॉस पॉइंटवरचा न घेता एलिमेंटच्या मध्यबिंदूवरचा घे, आणि डिटरमिनंटच्या गुणोत्तराने, मध्यबिंदूवरचा भागिले गॉस पॉइंटवरचा, गुण. फक्त जादा आकारांना हं. मूळ चार शेप फंक्शनना जुनाच जाकोबियन. कोडमध्ये दोन ओळी बदलतील, मग पॅच टेस्ट परत लाव आणि आकडे इथे टाक.