बालपुस्तकातील राजकीय आशय वर्गात उलगडून सांगावा का?

प्रश्न:
चौथीच्या वर्गात मी अमेरिकन बालसाहित्यिक डॉ. सूस यांचे ‘यर्टल द टर्टल’ (१९५८) वाचून दाखवणार आहे. आपले राज्य दूरवर दिसावे म्हणून कासवांचा राजा प्रजेला एकमेकांच्या पाठीवर रचून वर बसतो आणि सर्वांत खालच्या मॅकच्या नुसत्या ढेकराने सिंहासन कोसळते. यर्टल म्हणजे हिटलर, हे लेखकानेच सांगितले होते. मुलांना ते सांगावे का? एका पालकांनी ‘वर्गात राजकारण नको’ असे कळवले आहे.

प्रतिसाद १:
आधी तर मुळीच सांगू नये. उत्तर आयते मिळाले की मुले कथा ऐकायची सोडून जोड्या लावू लागतात. मॅक दोनदा गाऱ्हाणे मांडतो आणि राजा दोन्ही वेळा त्याला गप्प बसवतो. तिथे थांबून ‘राजाने काय करायला हवे होते?’ एवढे विचारले, तरी सत्तेविषयी बरेच काही मुलेच बोलतील.

प्रतिसाद २:
सहमत आहे, पण पालकांचा आक्षेप झटकून टाकू नये. सत्तेविषयी विचार करायला लावणे वेगळे आणि एखाद्या पक्षाची बाजू मुलांच्या गळी उतरवणे वेगळे, हा फरक त्यांना समजावून सांगावा. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख येथे राजकीय शिक्षणाविषयी जी तत्त्वे मांडली गेली, त्यांत विद्यार्थ्यावर मत लादू नये आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, असे म्हटले आहे. यर्टलच्या जुलमाला दुसरी बाजू शोधत बसण्याचे कारण नाही. याच लेखकाच्या, जंगलतोडीवरच्या ‘द लोरॅक्स’ची गोष्ट वेगळी: १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लेटनव्हिल येथे लाकूड व्यवसायातील पालकांनी त्या पुस्तकावर हरकत घेतली होती. जंगल राखायचे तर त्यावर पोट असणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न तिथे खरोखरच शिल्लक राहतो आणि शिक्षकाने तो मुलांपासून लपवू नये.

प्रतिसाद ३:
राजकारण पुष्कळदा वाचणारेच पुस्तकात घालतात. झुंजीपेक्षा फुलांचा वास घेणे पसंत करणाऱ्या बैलाच्या ‘फर्डिनांड’वर (१९३६) हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये बंदी होती! उलट, निमूटपणे आज्ञा पाळणाऱ्या बाळाला शेवटी बक्षीस देणाऱ्या कथांना कोणी राजकीय म्हणत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. हिटलरचा उल्लेख चर्चा संपेपर्यंत टाळेन. नंतर कोणी ‘असा राजा खरेच होता का?’ असे विचारले, तर मात्र सरळ उत्तर देईन. त्या पालकांना पुस्तक आधी वाचायला पाठवतो.