वाचनाचा साचा मुलांच्या लिखाणात उतरतो, त्याचे काय करावे?

प्रश्न (पाचवीचा वर्गशिक्षक, यवतमाळ जिल्हा)
‘माझे गाव’ या विषयावर वर्गातील २२ मुलांनी निबंध लिहिले आणि त्यांपैकी १४ जणांचे गाव ‘डोंगरांच्या कुशीत वसलेले’ निघाले. आमचे गाव काळ्या मातीच्या सपाट रानात आहे. नजर जाईल तिथवर पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. वाक्य बाजारातल्या निबंधमालेतून आले, हे उघड आहे. पण याच मुलांना ‘काल वावरात काय केले’ असे विचारले, तर ती बोलायची थांबत नाहीत. मग त्यांना वाचायला काय द्यावे, म्हणजे हे बोलणे कागदावर उतरेल?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापिका, वाशीम)
सर, मूल जे वाचते त्यावरूनच ‘लिहायचे ते असे’ ही त्याची समजूत होते. निबंधमालेतला शेतकरी नेहमी कष्टाळू आणि आई नेहमी वात्सल्यमूर्ती असते. मूल तेच शब्द शुद्ध मानते आणि स्वतःचे बाजूला ठेवते. माझ्या वर्गातील एका मुलीने ‘धुऱ्यावर बसून जेवलो’ असे लिहिले, मग आपणच ते खोडून वर ‘बांधावर’ लिहिले, कारण छापील पानावर तिला धुरा कधी दिसलाच नव्हता. मी तिला तो शब्द पुन्हा लिहायला लावला. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते. त्याचे अंक वर्गात ठेवावेत. तिथे मुलांना एकाच विषयावर अनेक तऱ्हांची वाक्ये भेटतात.

उत्तर २ (पालक, आर्णी तालुका)
मॅडमचे म्हणणे पटते, तरी निबंधमालेला सगळा दोष देऊ नये. आमच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने आली, तेव्हा माझ्या मुलाने त्यांवर फळ्यावरची उत्तरे तेवढी उतरवली. नमुना समोर नसेल तर कोऱ्या पानावर मूल काय लिहिणार? साचा काढून घेण्याआधी त्याच्या हाती दुसरे काही द्यायला हवे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आज मी मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याचे तान्ह्या पोळ्यावरचे, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणावरचे, पान मोठ्याने वाचले. लाकडी नंदीचे चाक निघाले, म्हणून तो नंदी काखेत घेऊन घरोघरी बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागत फिरला होता. मुले हसली आणि लगेच लिहू लागली. एकाने लिहिले, ‘बाबांच्या आधी आमच्या बंडीचा आवाज घरी येतो.’ (बंडी म्हणजे बैलगाडी.) ही पाने शिवून मी उद्यापासून वाचनपेटीत ठेवणार आहे.